राखणमुंग्या

वृषाली खातू एस.टी.त कंडक्टर होती तेव्हा चिपळूण-गुहागर गाडीत तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. निवृत्त झाली, नवरा गेला, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, तरी बाईचा आवाज तोच राहिला. अशा बाईला जेरीस आणलं ते वाळवीनं.

आता कोकणात वाळवीचं काय कौतुक, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, आमच्याकडे वाळवी म्हणजे घरातलीच एक मंडळी. पण ही निराळी होती. उन्हाळे लांबत गेले, थंडी नावालाही उरली नाही, आणि वाळवीची पैदास बाराही महिने सुरू झाली. औषधवाले यायचे, भिंतीच्या कडेनं भोकं पाडून औषध सोडायचे, थोडे दिवस बरे जायचे. जी औषधं खरोखर लागू पडत होती ती विहिरींच्या पाण्यात उतरली म्हणून बंद झाली, आणि जी उरली ती वाळवी टॉनिकसारखी रिचवू लागली. एका सकाळी वृषालीनं देव्हाऱ्याला हात लावला आणि अख्खा देव्हारा भुसा होऊन खाली आला. देव जमिनीवर! बाई मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली.

त्याच वर्षी वृषालीच्या सुमेरू कॉलनीत राखणमुंग्या आल्या.

त्या घेऊन आला अमेय शिगवण. कीटकशास्त्र शिकलेला, त्या बनवणाऱ्या कंपनीचा इथला माणूस, बोलायला गोड. वृषालीच्या ओटीवर बसून, चहा पीत, त्यानं सगळं समजावलं.

“काकू, मुंगीला डोळ्यांनी फारसं दिसत नाही. ती वासावर जगते. तिच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो आणि त्याला तिच्या वारुळाचा वास असतो. दोन मुंग्या समोरासमोर आल्या की मिशा लावून आधी तेवढंच बघतात, आपली की परकी. आपली असली तर वाट द्यायची. परकी असली तर तुटून पडायचं.”

“बरं, मग? त्यात माझा देव्हारा कुठे आला?”

“येतोय ना! आमच्या प्रयोगशाळेनं अशी जात तयार केलीय की तिला तुमच्या घराचा वास हाच वारुळाचा वास वाटतो. आम्ही एक पेटी बसवतो. त्यात राणी आणि थोड्या मुंग्या. बघता बघता त्या घरभर पसरतात. मग तुमचं घर हेच त्यांचं वारूळ, तुम्ही त्यातल्याच एक. वाळवी, झुरळ, ढेकूण, गोम, जे कोण आत शिरेल ते परकं.”

“आणि मीच परकी वाटले तर? रात्रीत खाऊन टाकतील मला.”

शिगवण हसला. त्यानं सुती कापडाची एक पट्टी काढून दिली. ती दिवसभर गळ्याला बांधायची, घाम मुरला की पेटीच्या खाचेत सरकवायची. मुंग्या ती चाटणार, एकमेकींच्या तोंडाला तोंड लावून तो वास वारूळभर वाटणार, की झाली ओळख पक्की. आल्यागेल्यासाठी मनगटाला बांधायची निराळी पट्टी होती, पाहुणपट्टी. तिच्या वासामुळे मुंग्या त्या माणसाकडे कानाडोळा करायच्या. नियम एकच होता, एका माणसाची ओळख एकाच घरात. दोन घरांत घातली तर दोन्ही वास मिसळतात आणि तो दोन्हीकडे परका ठरतो.

पेटी कोठीच्या खोलीत बसली. अहो, काय सांगू तुम्हाला, पहिल्याच महिन्यात वाळवीचे मातीचे बोगदे वाळून गळून पडले. झुरळ म्हणून दिसेना. पालीसुद्धा निघून गेल्या. वृषालीनं सागवानी देव्हारा करून घेतला आणि जो भेटेल त्याला ती राखणमुंग्यांचं गुणगान ऐकवू लागली. आधी शेजारच्या रेडीजकाकांनी पेटी घेतली, मग पलीकडच्यांनी. कारण एका घरातून हाकललेली वाळवी दुसऱ्या घरात जाणार, हे उघडच होतं. शेवटी कॉलनीत बिनपेटीचं घर उरलं नाही. कुंपणाच्या भिंतींवर दोन घरांच्या मुंग्या आमनेसामने यायच्या, मिशा हलवायच्या आणि आपापल्या हद्दीत परत जायच्या.

थोडं काही बदललंही. पाहुणे आधी फोन करून पट्टी तयार आहे ना ते विचारू लागले. भाजीवाली फाटकाबाहेरूनच हाक मारायची. वृषालीची मांजर एक दिवस गेली ती पुन्हा आली नाही. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. घर शाबूत आहे, झोप शांत लागतेय, मग माणूस कशाला खोलात शिरतोय?

सातव्या महिन्यात वृषालीची मुलगी शाल्मली पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. आईसाठी ती शालूच. तिच्यासाठी पट्टी द्यायला आलेल्या शिगवणला वृषालीनं फर्मावलं, “हिची कायमची ओळख घाल. पाहुणपट्टी कसली? या घरात वाढलेली पोर आहे ती.”

“आई, माझी ओळख पुण्याच्या फ्लॅटमध्ये आहे. इकडे घातली तर तिकडे घुसताच येणार नाही मला. निहारला काय सांगू, दारात उभं राहून डबा देत जा म्हणून?”

शिगवणनं मान हलवली. “ताई बरोबर बोलतायत, काकू. पाहुणपट्टीच ठेवू.”

वृषालीनं वरवर हसून घेतलं, पण ते तिच्या जिव्हारी लागलं. स्वतःची मुलगी स्वतःच्या घरात मनगटाला पाहुण्याची पट्टी बांधून हिंडतेय, हे काही तिला बघवेना.

मुलगा झाला. गोरापान, कानावर काळंभोर जावळ असलेला. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा वृषालीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि शालूला दारात उभी करून तिच्या पायांवर पाणी घातलं. तान्ह्या बाळाला आपल्याकडे नवं कापड घालत नाहीत. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, घरातल्या मोठ्या माणसाच्या अंगावरचं कापड घालतात, म्हणजे त्याचं आयुष्य बाळाला लागतं. वृषालीनं कोठीतल्या ट्रंकेतून आपल्या जुन्या सुती साड्या काढल्या. त्यांची झबली शिवली, लंगोट फाडले, गोधडी शिवली. रोज सकाळी ती बाळाला पायांवर घ्यायची आणि खोबरेल तेलानं असं काही चोळायची की ते पोर भोकाड पसरायचं आणि न्हाऊन झालं की ढाराढूर झोपायचं. शालूला मेथीचे लाडू, बाळाला गुटी, दुपारी झोळीजवळ बसून अंगाई. या घरात इतकी वर्षं भांडी फक्त एका माणसाची घासली जात होती. आता ते गजबजलं होतं.

मुंग्या झोळीकडे यायला लागल्या त्या बारशाच्या आधीच. आधी एक बारीक रांग. मग झोळीखाली जमिनीवर त्यांचं कडं दिसू लागलं. शालू पहिल्यांदा किंचाळली. पण एकीनंही बाळाला चावा घेतला नाही. एक डास बाळाच्या गालावर बसला तर दोरीवरून खाली उतरून त्यांनी त्याचा फडशा पाडला.

“बघ, घरच्याच आहेत,” वृषाली म्हणाली. “राखण करतायत आपल्या बाळाची.”

नेहमीच्या तपासणीला शिगवण आला तेव्हा शालू आतल्या खोलीत झोपली होती. त्यानं झोळीखालचं कडं पाहिलं आणि तो गुडघ्यांवर बसला. बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं गोधडीचा कोपरा उचलून नाकाशी धरला.

“काकू, ही गोधडी कशाची?”

“माझ्या जुन्या साड्यांची. का रे?”

“त्या कुठे होत्या?”

“कोठीतल्या ट्रंकेत. तुझ्या पेटीच्या शेजारीच.”

तो उठून कोठीत गेला. ट्रंक उघडली. उरलेल्या साड्यांच्या घड्यांत तांदळाच्या कण्यांसारख्या पांढऱ्या अळ्या होत्या. मुंग्यांची पिल्लं. पेटीपेक्षा ट्रंक उबदार आणि अंधारी, म्हणून मुंग्यांनी कधीचीच आपली पिल्लं तिथे आणून ठेवली होती. झबली शिवताना वृषालीनं साड्या झटकल्या होत्या, धुतल्या होत्या, पण वास काही असा जात नाही.

शिगवण तिला परसात घेऊन गेला आणि हळू आवाजात बोलू लागला. “मुंगी आपलं पिल्लू कसं ओळखते माहितीये? पिल्लाच्या अंगावर तेलकट थर असतो. त्याला वारुळातल्या सगळ्यात आतल्या जागेचा वास असतो. ते हलत नाही, चालत नाही, उबदार असतं. तुम्ही बाळाला त्या साड्यांत गुंडाळलंत आणि रोज तेल चोळलंत. त्यांच्या दृष्टीनं ते वारुळाचं पिल्लू झालंय.”

“मग वाईट काय त्यात?”

“पिल्लू कुणी वारुळाबाहेर नेलं तर मुंग्या काय करतात, ते तुम्हाला बघायचं नाहीये काकू. अजून त्या चाचपडतायत, पक्कं झालेलं नाही. आजच्या आज बाळाला घेऊन ताईंना पुण्याला जाऊ द्या. नवे कपडे घाला, तेल बंद. उशीर केलात तर मग माझ्या हातात काही राहणार नाही. थांबा, ताईंना मीच सांगतो.”

“तू नको.” वृषालीनं त्याचा हात धरला. “बाळंतीण आहे ती. घाबरली तर दूध आटेल तिचं. मी सांगते, माझ्या पद्धतीनं.”

त्याला ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

वृषाली आत आली. शालू जागी होऊन बाळाला पाजत होती, केस मोकळे, डोळ्यांत झोप. “कोण आलं होतं गं?” तिनं विचारलं. वृषालीच्या ओठांवर सगळं आलं होतं. आणि तिच्या मनात आलं, आज सांगितलं तर संध्याकाळपर्यंत ही जाईल. बारसं पुण्याच्या फ्लॅटमध्ये होईल, चार मित्र जमवून. झोळीची दोरी सोडावी लागेल. पुन्हा ते घर, पुन्हा एका माणसाचा स्वयंपाक.

“शिगवण. सगळं ठीक आहे म्हणाला,” वृषाली म्हणाली.

फक्त बारशापर्यंत, असं तिनं मनाशी ठरवलं. एक दिवस तिनं तेल लावलं नाही. बाळ दिवसभर किरकिरलं, तसं दुसऱ्या दिवशी पुन्हा तेलाची वाटी आली. नवी दुपटी घालून पाहिली, ती त्याला टोचायची. बारसं झालं, बाळाचं नाव विहंग ठेवलं, कॉलनीतल्या बायका घुगऱ्या खाऊन गेल्या. मग वृषाली म्हणाली, सव्वा महिना पुरा होऊ दे, त्याआधी बाळंतिणीला कुणी प्रवास करायला लावतं का? शिगवणचा फोन आला. “गेल्या ना ताई?” त्यानं विचारलं.

“गेल्या रे बाबा. कधीच गेल्या,” वृषाली म्हणाली आणि तिनं फोन ठेवून दिला.

सव्वा महिन्यानं शालूचा नवरा निहार गाडी घेऊन आला. सामान चढलं. वृषालीनं शालूची खणानारळानं ओटी भरली. शालूनं बाळाला उचललं, देवाला नमस्कार केला आणि ती उंबऱ्याकडे निघाली.

मुंग्या चौकटीच्या फटींतून आल्या, फरशीच्या सांध्यांतून आल्या, छताच्या कोपऱ्यातून आल्या. आधी एक सळसळ ऐकू आली. उंबऱ्यावर तांबूस पट्टा पसरला आणि शालूनं पाय टाकताच तो तिच्या पोटऱ्यांवरून वर चढला. ती ओरडली. निहार आत धावला, तर त्याच्याही अंगावर गेल्या. मनगटाच्या पाहुणपट्ट्यांना त्या जुमानत नव्हत्या. शालूच्या मानेवर, हातांवर, पदराच्या आत, जिथे जागा मिळेल तिथे डसत होत्या. त्यातल्या काही बाळाच्या दुपट्याला दातांनी धरून घराच्या दिशेनं ओढत होत्या, आणि ओढता ओढता त्याच्या तोंडापर्यंत आल्या होत्या.

“दे! माझ्याकडे दे!” वृषालीनं बाळ हिसकावून घेतलं आणि ती मागे सरली.

बाळ आजीच्या हातात आलं आणि मुंग्या थांबल्या. बाळाच्या अंगावरून खाली उतरल्या. वृषालीच्या दंडावरून, साडीवरून शांतपणे जमिनीवर गेल्या. तिला एकही चावली नाही.

शालूचा चेहरा सुजून डोळे मिटले होते. निहारनं तिला दवाखान्यात नेलं, तिथून इंजेक्शनं घेऊन, श्वास ताळ्यावर आल्यावर परत आणलं. तोवर शिगवण धावत आला होता. ओटीवरच त्यानं कपाळाला हात लावला.

“काकू, तुम्ही तर मला म्हणालात ताई कधीच पुण्याला गेल्या!”

शालूनं सुजलेल्या डोळ्यांनी आईकडे पाहिलं. “हा काय म्हणतोय?”

वृषालीनं सगळं सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही. सांगताना तिला रडू आलं नाही, याचीच तिला जास्त लाज वाटली.

“आई गं,” शालू एवढंच म्हणाली. ती हाक नव्हती, कळ आल्यावर माणूस म्हणतो ना, तशी होती.

“आता वाट काढा,” निहार शिगवणवर खेकसला. “आई बाळ घेऊन चालत्या झाल्या तर? त्यांना नाही चावत.”

“घराबाहेर नेता येईल. पण फाटकाबाहेर रेडीजांची हद्द आहे. एरवी रस्त्यानं जाणाऱ्या माणसाकडे त्या बघत नाहीत, पण परक्या वारुळाचं पिल्लू म्हणजे त्यांच्यासाठी लूट. त्यांच्या मुंग्या काकूंवर तुटून पडतील आणि पिल्लू ओढायला बघतील. गाडीत बसेपर्यंतच दोन्हीकडून ओढाओढ होईल. बाळाचं नाक केवढं आहे बघा.”

“मग या मुंग्याच मारून टाका!”

“या मेल्या की हद्द उघडी पडते. आजूबाजूच्या घरांतल्या मुंग्या पिल्लासाठी आत शिरतील, आणि त्यांच्या लेखी तर काकूही परक्या.”

“बाळाला साबणानं धुऊन काढू. नवे कपडे.”

“तेव्हाच करायला हवं होतं ते.” शिगवणनं वृषालीकडे बघायचं टाळलं. “आता ओळख पुसली तर तो या घरातही परका ठरेल. परक्याचं त्या काय करतात ते आज दिसलंच की.”

कंपनीच्या वकिलाचा फोन आला. त्यांच्या माहितीपत्रकात तेल आणि जुन्या कापडाच्या वापराचा उल्लेख नाही, त्यामुळे जबाबदारी नाही, पण अभ्यासाच्या दृष्टीनं प्रकरण फार मोलाचं आहे, असं ते गृहस्थ म्हणाले. निहारनं फोन भिंतीवर फेकून मारला.

आणखी एक गोष्ट त्यांना दुसऱ्याच दिवशी कळली. शालूनं झोळीत हात घातला आणि फरशीवरून सळसळ उठली. ज्या माणसानं पिल्लू पळवायचा प्रयत्न केला त्याला ही जात विसरत नव्हती; पट्टी बांधून तो घरात हिंडला तर चालायचं, पिल्लाला हात लावला की डसायच्या. तशी बनवलीच होती म्हणे, एकदा आलेलं झुरळ त्याच वाटेनं पुन्हा येऊ नये म्हणून. मग बाळाला पाजायचं कसं? तर शालूनं खुर्चीवर बसायचं, दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे. वृषालीनं बाळाला धरून तिच्या छातीशी लावायचं. पोटभर पिऊन झालं की आपणच उचलून खांद्यावर घ्यायचं आणि ढेकर काढायची. शालू बाळाच्या टाळूकडे बघत बसायची. पाजणं चालू असताना मायलेकी एकमेकींच्या इतक्या जवळ असायच्या की एकीचा श्वास दुसरीला लागायचा, आणि दोघींत एक शब्द व्हायचा नाही.

शिगवणला एकच वाट दिसत होती. कॉलनीतल्या सगळ्या पेट्यांत एकाच वेळी वायू सोडायचा. सगळी वारुळं एकदम मेली की हद्दी राहत नाहीत, मग बाळाला कुणीही उचलून नेऊ शकतं. त्यासाठी प्रत्येक घराची संमती हवी होती. रविवारी सकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये बैठक भरली. वृषालीनं आयुष्यात कुणापुढे हात जोडले नव्हते, तिकीट न काढणाऱ्या आमदाराच्या भाच्यालाही तिनं भर घाटात उतरवलं होतं. त्या दिवशी तिनं सगळ्यांपुढे हात जोडले.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “शिक्षा मला द्या. पण माझ्या पोरीचं पोर तिला मिळू द्या.”

सगळे हळहळले. बायकांनी डोळे पुसले. मग रेडीजकाका उठले. हा माणूस तसा वाईट नाही, वृषालीच्या नवऱ्याला त्यांनी खांदा दिला होता.

“वहिनी, तुमचं दुःख आम्हाला कळतं. पण मुंग्या मारल्या की वाळवी परत येणार. नवी राणी मिळायला कंपनीकडे वर्षाची रांग आहे. वर्षभरात घरात काय उरेल, तुम्हीच सांगा. आणि मी म्हणतो, बाळ सुखरूप आहे ना? आजीकडे आहे, परक्याकडे थोडंच आहे? नातवंडं आजीकडे वाढतातच की. शालूनं इथेच राहावं. चिपळूणला काय कमी आहे?”

“खरंय,” कुणीतरी म्हणालं. “उलट डास नाही, विंचू नाही. एवढी राखण कुठल्या बाळाला मिळते?”

हात वर करायला सांगितलं तेव्हा मागच्या बाकावर एकच हात वर गेला. रेडीजांची सून गौतमी, तिला सहावा महिना होता. तिच्या सासूनं तो हात धरून खाली घेतला आणि मांडीवर दाबून ठेवला.

निहारला नोकरीवर जावंच लागलं. जाताना त्यानं फाटकाबाहेर उभं राहून बाळाकडे पाहिलं. तो जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज देणार होता, कोर्टात जाणार होता, वर्तमानपत्रांत लिहिणार होता. तसं त्यानं केलंही. अर्जाला उत्तर आलं की समिती नेमली आहे.

दिवस जाऊ लागले. शालू राहिली. वृषालीला हवं होतं ते सगळं तिच्या घरात होतं. झोळी हलत होती, दोन ताटं वाढली जात होती, दोरीवर लंगोट वाळत होते. आणि तिला घास गिळवत नव्हता. तेल आता बंद करायची सोय नव्हती. रोज सकाळी ती वाटी घेऊन बसायची तेव्हा शालू पाठ करून खिडकीशी उभी राहायची.

एका दुपारी पाजून झाल्यावर शालू आपणहून बोलली. कितीतरी दिवसांनी.

“आई, तुझी शुगर मागच्या वेळी किती होती?”

“का गं? बरी होती.”

“गोळ्या घेतेस ना वेळेवर?”

वृषालीला भरून आलं. पोर शेवटी पोरच, माया कुठे जाते, असं तिला वाटलं. “घेते गं. नको काळजी करूस माझी.”

“तुझी नाही करत.” शालूचा आवाज अगदी साधा होता. “या घराची पक्की ओळख फक्त तुझी आहे, त्याला तूच उचलू शकतेस. तो अजून पालथाही पडत नाही. तू गेलीस तर त्याला उचलणार कोण, याचा विचार करत होते.”

त्या दिवसापासून वृषाली जिना उतरताना कठडा धरू लागली. गोड सोडलं. पाऊल जपून टाकू लागली. बाळ चालायला लागेपर्यंत, बोलायला लागेपर्यंत आपल्याला काही होता कामा नये, एवढा एकच जप तिच्या डोक्यात चालू असायचा. आणि चालायला लागल्यावर तरी तो उंबरा ओलांडणार होता का, हा विचार ती मनात येऊच द्यायची नाही.

भाद्रपदात तिला ताप आला. साधाच, हवा बदलल्याचा. तिनं गवती चहाचा काढा घेतला, गोळी घेतली, कपाळावर बाम चोळला आणि उठली. झोपून कसं चालणार? बाळाची पाजायची वेळ झाली होती. तापाचा घाम सुटून ब्लाउज पाठीला चिकटला होता आणि अंगाला तिचा तिलाच आंबूस, ओळखीचा नसलेला वास येत होता. शालू खुर्चीवर हात पाठीमागे घेऊन बसली होती. वृषालीनं झोळीतून बाळाला उचललं, छातीशी धरलं आणि ती वळली.

घोट्याजवळ बारीक चटका बसला.

तिनं खाली पाहिलं नाही. साडीची किनार टोचली असेल, काहीतरी लागलं असेल, असं म्हणून पुढे जाता आलं असतं. मग दुसरा चटका बसला, पहिल्याच्या थोडा वर. झोळीखालचं कडं मोडलं होतं आणि सळसळ तिच्या दिशेनं येत होती. सांगितलं नाही तर या पोरीला अजून एक निवांत क्षण मिळेल, असं वृषालीच्या मनात येऊन गेलं. मागेही तिनं असाच विचार केला होता.

“शालू,” ती म्हणाली, “मला मुंग्या चावतायत.”

शालूनं आईच्या पायांकडे पाहिलं. मग तिनं पाठीमागचे हात सोडले, ती उठली, दोन पावलं पुढे आली आणि तिनं बाळाच्या खाली, आईच्या हातांखाली, आपले हात घातले. तिच्याही पोटऱ्यांवर मुंग्या चढायला लागल्या. बाळ भुकेनं रडत होतं. मायलेकी त्याला दोघींच्यामध्ये वर धरून खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या, आणि दोघींपैकी एकीनंही हात काढला नाही.